धावलं की संपावर जाणाऱ्या किडन्या

हृदयाच्या डॉक्टरांची एक सोय असते. त्यांच्या अवयवावर लोकांनी गाणी लिहून ठेवलेली आहेत. किडनीवर एकही नाही. मी परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात किडनीची डॉक्टर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. निरोप समारंभात अध्यक्षांनी माझ्या 'हृदयाच्या श्रीमंती'वर बरंच भाषण केलं. किडनीचा उल्लेख त्यांनी कटाक्षाने टाळला, कारण नाश्ता समोरच मांडलेला होता.

या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, "जरा थरारक असू द्या." आता किडनीच्या धंद्यात थरार कसला? आम्ही लघवी मोजतो. ती कमी झाली की काळजी करतो आणि पुन्हा होऊ लागली की एकमेकांना फोन करून आनंदाने सांगतो. माझे वडील गिरगावातल्या चाळीत पाहुण्यांना सांगत, "मुलगी डॉक्टर आहे," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा मागवत.

माझं बरंचसं आयुष्य अचानक बंद पडणाऱ्या किडन्यांपुढे गेलं. धडधाकट माणसाला जुलाब होतात, साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, मलेरिया होतो, चुकीची गोळी पोटात जाते आणि कालपर्यंत बिनतक्रार चाललेली किडनी हात वर करते. शासकीय मराठीत याला एक नाव आहे. ते उच्चारून होईपर्यंत रोग्याचं क्रिएटिनिन आणखी वाढतं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला रोजचा कचरा. किडनी काम करत असेल तर तो बाहेर जातो, नाहीतर साचतो. नातेवाइकांना समजावताना मला परळ-लालबागमध्ये एक शब्द आयता मिळाला होता. मी म्हणायचे, "किडनी संपावर गेली आहे."

"म्हणजे गिरणीसारखी?" जुनी माणसं दचकून विचारायची.

"नाही हो. हा संप मिटतो. बहुतेक वेळा. तोवर डायलिसिस म्हणजे बदली कामगार."

बदली कामगार म्हटलं की त्यांना लगेच समजायचं. त्यानंतर मात्र हमखास तो प्रश्न यायचा.

काळाचौकीचे दोन भाऊ होते. मंडळाच्या महाप्रसादानंतर दोघांना सारखेच जुलाब झाले. अंग दुखतं म्हणून दोघांनी एकाच दुकानातून एकच गोळी आणून घेतली. थोरला दोन दिवसांत कामावर गेला आणि धाकटा आमच्याकडे डायलिसिसवर आला. धाकट्याची बायको पलंगाशी उभी राहून मला म्हणाली, "मॅडम, भावजींना काय नाय झालं. मग ह्यांनाच का?"

'ह्यांनाच का' या प्रश्नाला मी अनेक वर्षं एकच उत्तर देत आले, "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं." त्यात खोटं काही नाही, पण माहितीही काही नाही. नंतर जनुकांचा जमाना आला. आमच्या परिषदा पंचतारांकित हॉटेलांत भरू लागल्या. तिथे विद्वान मंडळी रंगीत ठिपक्यांचे आलेख दाखवून सांगू लागली की, कोणाची किडनी बंद पडेल आणि पडलीच तर किती जोरात, हे काही अंशी आईबापांकडून आलेल्या जनुकांत लिहिलेलं असतं. 'काही अंशी' हे शब्द ते जरा हळू उच्चारत. प्रश्नोत्तरांत मी हात वर करून विचारलं, "मग काळाचौकीच्या वहिनींना काय सांगू?" सभागृह हसलं आणि अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

खरं उत्तर मला हळूहळू कळलं, ते असं. बहुतेक माणसांत हा कारभार एखाद्या मोठ्या मंडळाच्या कार्यकारिणीसारखा चालतो. कितीतरी जनुकं सभासद असतात, प्रत्येकाचा हात थोडा थोडा असतो आणि काही बिघडलं तर जबाबदार कोणीच नसतो. एखादं जनुक सूज वाढवतं, दुसरं औषधाला शरीरातून हळू बाहेर काढतं. यावर कितीतरी शोध झाले. एकाने जे सांगितलं ते दुसऱ्याला सापडलं नाही. तरीही दादरचे एक सद्गृहस्थ थुंकी पाठवून मागवलेला गुळगुळीत कागदाचा, जनुकांचा जाडजूड अहवाल माझ्यापुढे ठेवून म्हणाले होते, "यात माझ्या किडनीला मध्यम धोका लिहिलाय." मी त्यांचं ब्लडप्रेशर बघितलं. ते भरपूर वाढलेलं होतं. त्याची गोळी त्यांनी स्वतःच बंद केली होती, कारण अहवालात तिचा उल्लेख नव्हता.

पण कधीतरी, फार क्वचित, एखादं एकटं जनुक पुढे येऊन सांगतं की हे मी केलं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात तसं एक घर माझ्याकडे आलं. लालबागचे परब.

मुलाचं नाव ओंकार. पोलीस भरतीची तयारी करणारा. ही तयारी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांना सांगते, तो एक स्वतंत्र धर्म आहे. मुलं पहाटे मैदानावर जातात, भिजवलेले चणे खातात, केस बारीक कापतात आणि सगळ्या जगाकडे सेकंदांच्या हिशेबात पाहतात. लांब पळायची एक परीक्षा असते, जीव तोडून थोडंच अंतर पळायची दुसरी. ओंकारची वयोमर्यादा संपत आली होती. ही भरती हुकली तर पुढची त्याच्यासाठी नव्हती.

तो पहिल्यांदा आला तेव्हा सर्दी-ताप अंगावर काढून मैदानात पळाला होता. संध्याकाळी कंबरेत भयंकर कळा, उलट्या. जवळच्या डॉक्टरांनी मुतखडा म्हणून दुखण्याचं इंजेक्शन दिलं. आमच्याकडे आला तेव्हा क्रिएटिनिन भलतंच वाढलेलं. ताप, पळणं, इंजेक्शन, एवढी कारणं समोर असताना आणखी कारण कोण शोधणार? थोडे दिवस डायलिसिस लागलं, संप मिटला आणि तो घरी गेला.

काही महिन्यांनी तो पुन्हा आला. या वेळी ताप नव्हता, गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. फक्त जीव तोडून पळाला होता. अति व्यायामाने स्नायू फुटतात आणि त्यांचा गाळ किडनीत अडकतो, हे आम्हाला ठाऊक असतं. पण त्याचे स्नायू ठणठणीत होते. मग रक्ताचे सगळे आकडे एकेक करून पाहिले आणि एक विचित्र गोष्ट दिसली. किडनी बंद पडली की युरिक ॲसिड चढतं. ओंकारचं मात्र जेमतेम तुमच्या-माझ्याइतकं होतं. तो बरा होत गेला तसं ते खाली खाली गेलं आणि जवळजवळ शून्याला टेकलं. नमुना खराब असेल म्हणून लॅबने पुन्हा रक्त मागवलं. पुन्हा तेच.

मी हे त्याच्या आईला, शुभांगीताईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला.

"आमच्यात असंच असतं, मॅडम. चाळीत सगळ्यांचं युरिक ॲसिड वाढलंय. कोणाला कोळंबी बंद, कोणाला मटण बंद, समोरच्या नानांना तर तूरडाळ पण बंद. अंगठा सुजतो ना! माझं करायला गेले तर तो लॅबवाला म्हणतो, काकी, मशीन बिघडलंय वाटतं. माझ्या भावाचं पण तसंच. आम्ही सगळं खातो."

म्हणजे जे आम्ही शोधत होतो ते या बाईंनी चाळभर अभिमानाने सांगून ठेवलेलं होतं. रिपोर्टात वाढलेल्या आकड्याला सगळे घाबरतात. कमी आकडा म्हणजे परमेश्वराची कृपा.

मी विचारलं, "तुम्हाला कधी असा त्रास झाला?"

"मी कशाला पळायला जात्ये?"

"आणि भावाला?"

इथे ओंकारचे वडील, सुरेशराव, खाकरले. "त्याला झालेलं एकदा. तरुणपणी मोर्च्यात गेलेला. पोलिसांनी लाठ्या काढल्या तसा हा जो पळाला तो थेट घोडपदेवला. एक फटका नाय खाल्ला. तरी हॉस्पिटलात पडून होता. लघवी बंद. डॉक्टर म्हणाले, मुका मार असेल."

"तो सांगतो अजून," शुभांगीताई म्हणाल्या, "की फटका चुकला नव्हता, लागलाच होता."

मी कागद घेऊन घराण्याचा नकाशा काढायला बसले. आमच्यात पुरुषाला चौकोन, बाईला गोल आणि नात्यातल्या लग्नाला दोन रेघा अशी पद्धत आहे. सुरेशरावांनी सख्ख्या मामाची मुलगी केलेली. मी दोन रेघा ओढल्या.

"ह्या दोन कशाला?" त्यांनी विचारलं.

"नवरा-बायकोचं आधीपासून नातं असलं तर."

"मग तिच्या आईबापांनापण ओढा. ती पण आत्ये-मामेभावंडं." पुढे म्हणाले, "गावाला तेच. बाहेरची मुलगी कशाला बघायची? घरचीच असली की जेवणाची चव तरी बदलत नाय."

"चव नाही बदलली," मी म्हटलं, "आणि जनुकंही नाही बदलली."

त्यांना समजावलं ते असं. युरिक ॲसिड किडनीतून गळून जातं आणि त्यातलं बरंचसं किडनी परत आत घेते. हे परत आत घेणारं दार काही घराण्यांत नादुरुस्त असतं. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच त्रास. एकाकडून चांगलं आलं तर काम भागतं. परक्या घरात लग्न केलं तर दोन्ही बिघडलेली एकत्र यायला फार मोठा योगायोग लागतो. परबांच्या घरात तो योगायोग पंगतीला बसवलेला होता. एरवी माणूस ठणठणीत असतो. आयुष्यभर कळतही नाही. पण जीव तोडून थोड्या वेळासाठी पळाला की किडनी संपावर जाऊ शकते. प्रत्येकाची जात नाही, प्रत्येक वेळी जात नाही. जपानी डॉक्टरांनी यावर बरंच लिहून ठेवलंय. आमच्या पुस्तकात ते अगदी बारीक अक्षरांत होतं.

जनुकाची तपासणी बाहेर पाठवली. उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. आमच्या विभागात थोडा उत्सव झाला. एका वरिष्ठांनी पत्रकार बोलवायची कल्पना मांडली, शाल वगैरे. मी विचारलं, "शाल कोणाला? जनुकाला?" ते दुखावले.

ओंकारला उत्सवाशी देणंघेणं नव्हतं. त्याने ओपीडीत माझ्यासमोर बसून सरळ विचारलं, "मॅडम, भरतीला पळू की नको?"

"लांबचं हळू, दम न लागता, पाणी पिऊन पळालास तर मी फार घाबरणार नाही. तो जीव तोडून पळायचा प्रकार नको."

"पण मार्क तिथेच आहेत."

"ठाऊक आहे."

"पळालो तर काय होईल?"

"कदाचित काही नाही. कदाचित पुन्हा इथे येशील. आलास तर बहुधा बरा होशील."

"बहुधा," तो म्हणाला. तो शब्द त्याने टेबलावर ठेवलेल्या खोट्या नाण्यासारखा पाहिला. "शंभर टक्के काय ते सांगा ना."

शंभर टक्के सांगणारी माणसं माझ्या ओपीडीच्या बाहेर रस्त्यावर बसतात आणि पोपटाकडून चिठ्ठी काढून घेतात. मी त्याला तसं म्हटलंही. तो हसला नाही.

सुरेशराव तेव्हा खुर्ची पुढे सरकवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त फिट आहे एवढं लिहून द्या. बाकीचं देव बघेल." त्यांचे वडील गिरणीतून बाहेर फेकले गेले होते. ते स्वतः एका खासगी कंपनीत वर्षानुवर्षं कंत्राटावर. घरात सरकारी नोकरी यावी ही त्यांची एकच इच्छा. ओंकारला मैदानावर तेच घेऊन जात, घड्याळ तेच लावत आणि सेकंद कमी झाला की घरी येताना तेच पेढे आणत. त्यांना मी नकार दिला. ते उठून गेले. जाताना नमस्कार करायचा राहिला, एरवी कधी राहत नसे.

त्यानंतर शुभांगीताईंनी आपला इलाज सुरू केला. महिनाभराने ओंकार तपासणीला आला तो चांगलाच गुबगुबीत दिसत होता. आईही बरोबर होती.

"बघा आता, वाढलं असेल," त्या खात्रीने म्हणाल्या.

"काय वाढलं असेल?"

"युरिक ॲसिड. कमी आहे म्हणालात ना? मग मी काय केलं, चाळीत डॉक्टरांनी ज्याला ज्याला जे बंद केलंय, ते सगळं ह्याला चालू केलं. सकाळी कलेजी, दुपारी कोळंबी, रात्री मटण. डाळ तुरीचीच."

ओंकार जमिनीकडे बघत म्हणाला, "नाना रोज दारात खुर्ची टाकून बसतात. मी जेवताना वास घेतात. परवा रडले."

मला हसू आवरेना. मग समजावलं, की बादलीला भोक आहे, नळ कितीही सोडला तरी ती भरणार नाही. उलट सगळं लघवीवाटे जाईल आणि खरोखरच खडा होईल. ताई हिरमुसल्या. "म्हणजे एवढी कोळंबी फुकट?" रिपोर्ट आला. युरिक ॲसिड होतं तिथेच होतं.

त्या दिवशी ओंकार आईला बाहेर बसवून पुन्हा आत आला. "भरतीच्या मैदानाची तारीख आलीय," तो म्हणाला. "बाबा बोलत नाहीत. काहीच बोलत नाहीत. घड्याळाला नवीन सेल घालून टेबलावर ठेवलंय फक्त."

मी म्हटलं, "मी तुला बांधून ठेवू शकत नाही. गेलास तर दुसऱ्या दिवशी सकाळी इथे ये. दुखलं तर त्याच रात्री. आणि कळ आली तरी दुखण्याची गोळी कोणाकडूनही घ्यायची नाही."

"तुम्हाला काय वाटतं, मी जाऊ नये?"

"मला वाटतं तुझ्या किडन्या तुला म्हातारपणापर्यंत लागतील. पोलिसांना तू पन्नाशी-साठीपर्यंतच लागशील."

तो गेला तेव्हा त्याने काय ठरवलंय ते मला कळलं नाही. बहुधा त्यालाही नाही.

मैदानाच्या दुसऱ्या दिवशी मी ओपीडीला नेहमीपेक्षा लवकर पोचले, असं तेव्हाच्या आमच्या नर्सबाई अजून सांगतात. मी त्याचा इन्कार करते. बाकावर ओंकार आणि सुरेशराव बसलेले होते. ओंकार सरळ बसला होता. कंबर दुखणारा माणूस तसा बसत नाही. तरी मी आधी रक्त काढायला पाठवलं आणि आकडा येईपर्यंत काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात माणसाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

क्रिएटिनिन अगदी नॉर्मल होतं.

"पळाला नाहीस?"

"पळालो," ओंकार म्हणाला. "दोन्ही पळालो. छातीवर नंबर लावून नाव पुकारतात ना, ते ऐकायचं होतं मला. मोठं मैदान, सगळे ओळीत. पहिलं पळालो आरामात. मग ते दुसरं. शिट्टी झाली. बाकीचे बंदुकीतून सुटल्यासारखे गेले. मी आपला, समोरून बस येतीय, मिळाली तर मिळाली, अशा चालीने."

"मग?"

"रेघेवर घड्याळ घेऊन उभे होते ते साहेब ओरडले, ए, बागेत फिरायला आलायस काय? मी म्हटलं, हो साहेब."

तो हसत होता, पण डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. कित्येक वर्षं तो सेकंद कमी करत आला होता. सगळ्यांसमोर शेवटचं यायला त्याला किती जोर लावावा लागला असेल, ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. आता तो एका गोदामात हिशेबनीस आहे, कायम नोकरीवर, आणि सकाळी चालायला जातो. लग्न ठरलंय. मुलगी नागपूरकडची आहे, गावाशी, मामाशी कसलाही संबंध नसलेली. शुभांगीताईंना तिच्या हातचं तिखट झेपत नाही.

पण त्या सकाळी मला सुरेशरावांचं काय ते बघायचं होतं. ते रिपोर्टाचा कागद हातात घेऊन उलटा-सुलटा करत होते.

"तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"जाळीच्या बाहेर. सगळे आईबाप तिथेच उभे असतात. हा एकटा मागे राहिलेला बघितला. मला वाटलं, पाय मुरगळला. मग दिसलं, हा हसतोय. तेव्हा कळलं. मग मी टाळ्या वाजवल्या. मोठ्याने. बाकी कोणाच्या वाजत नव्हत्या, सगळे घड्याळं बघत होते. बाजूला एक गृहस्थ होते, साताऱ्याकडचे वाटले. त्यांनी विचारलं, तुमचा कुठला? पहिला आला तो?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, नाय. तो शेवटचा. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय."